अंदाज आधी वहीत

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की सहावी ते आठवीच्या मुलांना विज्ञानातलं उत्तर सांगायची घाई करू नका, त्यांना आधी हात लावून बघू द्या. त्यावर बरीच पत्रं आली. काही रागाची आहेत, काही अडचणीची, आणि एक सातवीतल्या मुलीचं आहे. त्यातली पाच पत्रं इथे घेते. मी 32 वर्षं माण तालुक्यात विज्ञान शिकवलं, त्या अनुभवातून जे सांगता येईल तेच सांगते.

प्रश्न : बाई, मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. सातवीत 56 मुलं आहेत, तास 35 मिनिटांचा. प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट, आणि त्याची किल्ली ऑफिसात. प्रशिक्षणात सांगतात, मुलांना शोधू द्या. पण अभ्यासक्रम मागे राहिला तर मुख्याध्यापक मलाच विचारणार. मी सुरुवात नेमकी कुठून करू?

उत्तर : आधी त्या कपाटाची किल्ली मागून घ्या. आत बहुतेक फुटकी चंचुपात्रं आणि वाळलेला लिटमस असेल, तरी घ्या. मुलांच्या देखत ते कपाट उघडलं जाणं महत्त्वाचं आहे.

सगळे धडे बदलायला जाऊ नका, दमाल. महिन्यातून एक धडा घ्या. ज्यात ‘करून पहा’ची चौकट आहे असाच घ्या. बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकात अशा चौकटी पुष्कळ आहेत. अडचण अशी की चौकटीखालच्या परिच्छेदातच उत्तर छापलेलं असतं, आणि मुलं हुशार असतात, ती आधी खालचं वाचतात. म्हणून पुस्तक मिटून ठेवायला सांगा. मांडणी करा आणि काडी ओढायच्या आधी, पाणी ओतायच्या आधी थांबा. प्रत्येकाने काय होईल आणि का होईल ते वहीत लिहायचं. पेनने लिहायचं, पेन्सिलने नाही. पेन्सिलने लिहिलेला अंदाज निकाल दिसला की गुपचूप खोडला जातो. मी हे खोडरबर कितीदा पकडलं असेल त्याची गणती नाही. खोडणाऱ्या मुलाला वाटत असतं की चुकलेला अंदाज म्हणजे चुकलेलं उत्तर. अंदाजाला मार्क नाहीत, अंदाज लिहिला नाही तर मात्र तासाला बसता येणार नाही, असा नियम मी केला होता.

हे मला कसं कळलं ते सांगते. परातीत मेणबत्ती उभी करायची, भोवती पाणी घालायचं, वर काचेची बरणी उपडी ठेवायची. मेणबत्ती विझते आणि पाणी बरणीत चढतं. हा प्रयोग मी अकरा वर्षं दाखवला, आणि अकरा वर्षं सांगितलं की आतला ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणजे हवेत ऑक्सिजन एक पंचमांश आहे हे सिद्ध झालं. मुलांनी उतरवून घेतलं. परीक्षेत लिहिलं. मी मार्कही दिले.

बाराव्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, “बाई, तीन मेणबत्त्या लावल्या तर?” मला पटकन म्हणता आलं असतं की तेवढंच पाणी चढेल, कारण ऑक्सिजन तेवढाच आहे. पण त्या दिवशी का कोण जाणे, मी म्हटलं, लिहा अंदाज. जवळजवळ सगळ्या वर्गाने ‘तेवढंच’ असं लिहिलं. मीही मनात तेच लिहिलं होतं. तीन मेणबत्त्या लावल्या, बरणी ठेवली, आणि पाणी सरळ पहिल्या खुणेच्या वर गेलं. चांगलं दोन बोटं वर.

वर्ग गप्प झाला. मीही. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, मेणबत्ती जळत होती तेव्हा पाणी नुसतं इतकुसं हललं. विझल्यावर भसकन चढलं.” आम्ही पुन्हा करून पाहिलं, तिचं बरोबर होतं. ऑक्सिजन हळूहळू संपत असेल तर पाणी जळता जळता चढायला हवं. विझल्यावर का? तिसऱ्या वेळी एकाने पाहिलं की बरणी टेकवताना कडेने बुडबुडे बाहेर येतात. हवा बाहेर जाते आहे! का जाते? तापली म्हणून. इथपर्यंत मुलं स्वतः आली, मी एक शब्द सांगितला नव्हता, कारण मला सांगण्यासारखं काही ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एकीने घरून विचार करून आणलं की मेणबत्ती अजिबात न लावता पाणी चढवून दाखवते. तिने बरणी कढत पाण्याने विसळली, पाणी ओतून टाकलं आणि बरणी तशीच गरम गरम परातीत उपडी घातली. बरणी निवत गेली तसं पाणी चढत गेलं. ज्योत नाही, जळणं नाही, तरी पाणी वर. मी ते बघत उभी राहिले. (बरणी जाड काचेची घ्या आणि पाणी उकळतं घेऊ नका, तडकते.)

आता मला माहीत आहे ते असं. ज्योतीने आतली हवा तापते, फुगते, थोडी बुडबुड्यांवाटे निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा निवून आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. मेणबत्ती सगळा ऑक्सिजन वापरून विझत नाही, बराचसा शिल्लक असतानाच विझते. शिवाय जळालेल्या ऑक्सिजनपासून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते, त्यांनाही जागा लागते. पाणी एक पंचमांशाच्या आसपास चढलं तर तो योगायोग समजायचा.

मग एक पंचमांश खरोखर दाखवायचा कसा? लोखंडाला गंज चढवून. परीक्षानळी आतून ओली करायची, तळाशी लोहकीस चिकटवायचा आणि नळी पाण्याच्या भांड्यात उपडी उभी करायची. कीस आमच्या इथे लेथवाल्याकडे फुकट मिळायचा. त्याला तेल असतं, साबणाने धुऊन घ्या. घरातली स्टीलची घासणी वापरू नका, ती गंजत नाही, माझे चार दिवस तिच्यात वाया गेले. रोज पाण्याच्या पातळीवर स्केचपेनने रेघ मारायची. 15 सेंटिमीटरच्या नळीत पाणी रोज थोडं थोडं करत 3 सेंटिमीटरच्या आसपास चढतं आणि तिथे थांबतं. ते थांबणं मुलांना दाखवा. कीस शिल्लक आहे, पाणी शिल्लक आहे, मग गंजणं का थांबलं? या प्रश्नावर आमच्या वर्गात अख्खा तास गेला होता.

तुमचे 56 विद्यार्थी. सात सातचे आठ गट होतील. साहित्य घरून मागवा : ताटली, बरणी, मेणबत्तीचे तुकडे. काडेपेटी मात्र एकच, आणि ती तुमच्या हातात. ओढण्या बांधून घ्यायच्या, वेण्या मागे. गटात एकाने मांडायचं, एकाने वेळ बघायची, एकाने लिहायचं. पुढच्या महिन्यात कामं बदलायची, नाहीतर मुली लिहितात आणि मुलगे पेटवतात. वेळापत्रकात जोडतास मागून घ्या. 35 मिनिटांत मांडामांड होते आणि घंटा वाजते.

राहिला अभ्यासक्रम. माझ्या मेणबत्तीला तीन तास लागले. ते मी आणले कुठून? आधी मी प्रत्येक धड्याची प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून देत असे, त्यात दर धड्याला दोन तास जायचे. तेवढं बंद केलं. पालकांची कुरकुर पहिल्या सहामाहीपर्यंत ऐकावी लागली. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा, आणि शक्य झालं तर त्यांना एका तासाला बोलावून त्यांच्याही हातात अंदाजाचा कागद द्या.

प्रश्न : मी बी.एस्सी., बी.एड. करून यंदाच रुजू झालोय, रत्नागिरी जिल्ह्यात. आठवीला लंबकाचा प्रयोग गटांना करायला दिला. एक मीटर लांबीला दहा आंदोलनांना किती सेकंद लागतात ते मोजायचं होतं. सहा गट, सहा उत्तरं : 18, 20, 21, 20, 23, 19. गोंधळ झाला. शेवटी मी फळ्यावर 20 लिहून दिलं. एक मुलगा म्हणाला, “सर, मग आम्ही कशाला मोजलं?” तेव्हापासून प्रयोग द्यायची भीती वाटते.

उत्तर : त्या मुलाचा प्रश्न अगदी योग्य होता आणि तुम्हाला तो लागला, याचा मला आनंद झाला. ज्याला लागत नाही तो पुढची तीस वर्षं फळ्यावर 20 लिहीत राहतो.

तुमचा प्रयोग फसलेला नाही. सहा आकडे हातात आले आणि तुम्ही ते पुसलेत, तेवढंच चुकलं. हे आकडे चुकून येत नाहीत, प्रत्येकामागे काहीतरी केलेलं असतं. 18 वाल्या गटाला तुमच्यासमोर पुन्हा मोजायला सांगा आणि त्यांच्या तोंडाकडे बघा, लंबकाकडे नको. दगड सोडताना ते ‘एक’ म्हणत असणार. सोडताना ‘एक’ म्हटलं की ‘दहा’ला नऊच आंदोलनं पुरी होतात, आणि नऊ आंदोलनांना 18 सेकंद! सोडताना ‘शून्य’ म्हणायचं. हे मुलांना स्वतः सापडू द्या, सापडल्यावर त्यांचे चेहरे बघा. सातारच्या एका शिबिरात शिक्षकांच्या गटाकडूनही हेच झालं होतं.

21 वाल्यांची दोरी तपासा. त्यांनी एक मीटर गाठीपर्यंत मोजला असेल आणि दगड पिशवीत घालून खाली लोंबकळत ठेवला असेल. लांबी दगडाच्या मध्यापर्यंत धरावी लागते. पिशवीमुळे 10 सेंटिमीटर वाढले तर दहा आंदोलनांना बरोबर 21 सेकंद येतात, गणित करून बघा. 23 वाल्यांचं मला इथे बसून सांगता येणार नाही, पण मी असते तर वेळ मोजणारा मोबाइल कुणाच्या हातात होता ते आधी विचारलं असतं.

आता पुढच्या तासाला हे सहा आकडे फळ्यावर लिहा, कुणाचा कोणता तेही लिहा, आणि म्हणा, आपण सगळ्यांनी एकच गोष्ट मोजली, मग आकडे वेगळे का? प्रत्येक गटाने दुसऱ्या गटाची पद्धत तपासायची. लाज वाटेल असं काही बोलू द्यायचं नाही. मग सगळ्यांनी मिळून मोजायची एक रीत ठरवायची आणि पुन्हा मोजायचं. आकडे जवळ येतात. वैज्ञानिक लोक याहून वेगळं काही करत नाहीत.

ते झाल्यावर खरा प्रश्न द्या : दगड दुप्पट जड घेतला तर? वर्गातली बहुतेक मुलं लिहितात की जड दगड लवकर झुलेल. झुलत नाही, तेवढाच वेळ घेतो. मुलांना पटत नाही, ती आणखी मोठा दगड आणतात. आणू द्या. मग लांबी 25 सेंटिमीटर करायला सांगा, म्हणजे पावपट. वेळही पावपट होईल असं लिहितात. होतो निम्मा, 10 सेकंद. हे ‘निम्मा’ ऐकून माझ्या वर्गात एक मुलगा उठून फळ्याजवळ आला आणि म्हणाला की एक चतुर्थांश म्हणजे अर्धा गुणिले अर्धा, त्यात काहीतरी आहे. वर्गमुळाची त्याची ओळख त्या दिवशी अशी झाली.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. आपला लेख वाचला. हे शोधून शिकणे वगैरे शहरातल्या पैसेवाल्या शाळांचे फॅड आहे. न्यूटनला जे सुचायला आयुष्य गेले ते सातवीचे पोर 35 मिनिटांत शोधणार काय? आमच्या काळी पाठांतर होते, पाया पक्का होता. आपण नव्या शिक्षकांची दिशाभूल करत आहात.

उत्तर : सर, आपण एवढ्या पोटतिडकीने लिहिलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्या पत्रातला अर्धा भाग मला मान्य आहे. मुलं सगळं शोधून काढू शकत नाहीत. पदार्थ अणूंचा बनलेला आहे, हे परातीत आणि बरणीत दिसत नाही. ते सांगावं लागतं, चित्र काढून, गोष्ट सांगून. मूलद्रव्यांच्या संज्ञा पाठच कराव्या लागतात, आणि पाढे येत नसतील तर लंबकाचं गणित तिथेच अडतं. ‘शोधू द्या’च्या नावाखाली मुलांना वर्गात मोकळं सोडून स्वतः दाखले लिहीत बसणारे शिक्षकही मी पाहिले आहेत. त्यातून काही निपजत नाही. शोध घ्यायला लावणाऱ्या तासाची तयारी सांगायच्या तासापेक्षा दुप्पट असते.

पण हे शहरातल्या पैसेवाल्यांचं फॅड आहे, हे मात्र खरं नाही. आपल्या देशात याचा सगळ्यात मोठा प्रयोग खेड्यांत झाला, सरकारी शाळांत झाला. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्हा आहे, आता त्याला नर्मदापुरम म्हणतात. तिथे 1972 साली 16 माध्यमिक शाळांमध्ये सहावी ते आठवीसाठी विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो सुरू केला, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले, दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक सुट्टी काढून त्या खेड्यांत शिक्षकांबरोबर बसले. 1978 मध्ये तो जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत गेला. 1982 मध्ये एकलव्य ही संस्था उभी राहिली आणि तिने तो पुढे नेला. तिथल्या पुस्तकाचं नाव ‘बाल वैज्ञानिक’. त्यात प्रयोग आणि प्रश्न, उत्तरं मुलांनी आपल्या वहीत लिहायची. फूल उलगडून बघायला सुई नव्हती तर बाभळीचा काटा वापरला. सर, माणच्या माळावर काट्यांना काय तोटा! मी ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी धोतऱ्याची फुलं आणि बाभळीचे काटे घेऊन वर्गात गेले.

त्या कार्यक्रमातली परीक्षा मला सगळ्यात मोलाची वाटते. मुलं पुस्तक आणि वही घेऊन परीक्षेला बसत, शिवाय हाताने करायची परीक्षा वेगळी. पुस्तक उघडं ठेवता येत होतं, कारण प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नव्हतंच. 2002 साली राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं चाललेलं काम असं थांबलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आपल्याकडेही 2010 पासून आकारिक म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या साधनांत ‘पुस्तकासह चाचणी’ आहे. किती शाळा ती मनापासून घेतात, ते आपण आणि मी दोघंही जाणतो. मी घेत असे. एक प्रश्न नमुन्याला देते : ‘हळदीचा कागद चुन्याच्या निवळीत बुडवला, तो लाल झाला. त्यावर लिंबू पिळलं, तो पुन्हा पिवळा झाला. आता त्याच जागी साबणाचं पाणी एक-एक थेंब टाकत गेलो. पहिल्या थेंबाला काही झालं नाही, सहाव्या थेंबाला रंग बदलला. पहिल्या पाच थेंबांचं काय झालं?’ यासाठी आम्ल आणि आम्लारीची व्याख्या पाठ असलेली बरी, पण नुसती पाठ असून भागत नाही. वर्षभर पहिला नंबर राखलेली एक मुलगी या प्रश्नावर रडवेली झाली होती, आणि ज्याला मी कच्चा समजत होते त्याने लिहिलं, “पाच थेंब लिंबाशी भांडण्यात संपले.” मी त्याला पूर्ण मार्क दिले. आपण किती दिले असते, ते मला जरूर कळवा.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे, ठाण्यात शिकतो. घरी सारखं ‘का’ चालू असतं. शाळेत विचारलं तर ‘पुढच्या वर्षी आहे ते’ असं उत्तर मिळतं. रोबोटिक्सचा एक क्लास आहे, फी 18 हजार. लावू का?

उत्तर : सध्या नको. पैसे ठेवा.

त्याचे ‘का’ एका वहीत लिहायला लावा. मग रविवारी दोघं बसून एकेक प्रश्न उलटवून बघा. ‘पोळी का फुगते?’ या प्रश्नाला मोठी माणसं एका वाक्यात उत्तर देतात आणि विषय संपतो. तोच प्रश्न असा करा : पोळीला लाटताना भोक पडलं तर ती फुगते का? तवा कमी तापलेला असेल तर? कणीक तिंबल्याबरोबर लाटली आणि अर्ध्या तासाने लाटली, फरक पडतो का? आता त्याच्याकडे हाताने सोडवायचे तीन प्रश्न आले. अंदाज लिहायचा, तुम्ही पोळ्या करताना त्याने शेजारी उभं राहून बघायचं, कोणती फुगली त्याच्यावर खूण करायची. भोक पडलेली पोळी टुमकन फुगली नाही की वाफेचं तो आपणच बोलू लागेल. दहा दिवसांच्या पोळ्यांची नोंद झाली की ती वही घेऊन त्याला शाळेत जाऊ दे. तक्रार म्हणून तुम्ही जाऊ नका. वर सोलापूरच्या बाईंचं पत्र आहे, ते वाचा, म्हणजे शिक्षकांची अडचण कळेल. बहुतेक शिक्षक अशी वही समोर आली की खुलतात.

आणखी हवं असेल तर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून खेळणी कशी करायची ते सगळं फुकट आहे, मराठीतही आहे. सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीतल्या काड्या एवढ्यावर सुरुवात होते. पुण्याला आलात तर आयुका या खगोलविज्ञानाच्या संस्थेतली मुक्तांगण विज्ञान शोधिका त्याला दाखवा.

प्रश्न : बाई, मी सातवीत आहे. परीक्षेत ‘बी रुजण्यासाठी काय काय लागते’ असा प्रश्न होता. मी पाणी, हवा आणि ऊब लिहिलं. माझा अर्धा मार्क गेला कारण सूर्यप्रकाश लिहिला नाही. पण माझी आजी मटकी भिजवून फडक्यात बांधते आणि डब्यात झाकण लावून ठेवते. तिथे अंधार असतो तरी मोड येतात. मी हे सांगितलं तर वर्गातले हसले. कोण बरोबर?

उत्तर : बाळ, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मगाशी मी होशंगाबादच्या ज्या कार्यक्रमाबद्दल लिहिलं, तिथे मुलं सवालीराम नावाच्या एका काल्पनिक माणसाला पत्रं लिहून असेच प्रश्न विचारत. तुझं पत्र त्याच्याकडे गेलं असतं तर तोही खूश झाला असता.

आजीच्या डब्यातला पुरावा जोरदार आहे. पण हसणाऱ्यांना तू एवढंच दाखवलंस तर ते म्हणतील, झाकण उघडताना उजेड जात असेल. म्हणून त्यांच्यापुढे मांडता येईल असं काहीतरी कर.

मटकीचे 90 दाणे मोजून घे. रात्रभर भिजव. सकाळी सगळे एकदा चाचपून बघ. काही दाणे फुगलेले नसतील, खड्यासारखे टणक असतील. त्यांना आजी गणंग म्हणत असेल, विचार तिला. त्यांचं साल इतकं घट्ट असतं की पाणी आतच जात नाही. ते बाजूला काढून मोजून ठेव, फेकू नकोस. उरलेल्यांतून तीन वाट्यांत सारखे दाणे घाल. पहिली वाटी ओल्या फडक्याने झाकून स्टीलच्या डब्यात, घट्ट झाकण. दुसरी तशाच ओल्या फडक्यावर, वर काही न झाकता, खिडकीत. पण ऊन थेट पडणार नाही अशा जागी, नाहीतर दाणे तापतील, वाळतील, आणि फरक उजेडामुळे पडला की उष्णतेमुळे, हे तुला सांगता येणार नाही. तिसऱ्या वाटीत दाणे पाण्यात पूर्ण बुडवून ठेव, तीही डब्याशेजारी. फडकी दिवसातून दोनदा सारखीच ओली करायची. डबा उघडायचा तो रात्री दिवा घालवून, आजीचा हात धरून.

आता थांब. तिन्ही वाट्यांत किती दाण्यांना मोड येतील ते आधी वहीत लिही, पेनने. हसणाऱ्यांपैकी दोघातिघांचेही अंदाज लिहून घे आणि त्यांच्या सह्या घे. मग दोन दिवस रोज सकाळी मोज.

निकाल मी इथे लिहीत नाही, तुझा तुला मिळू दे. पण पुढचं एक सांगते. मोड आल्यावर डब्यातले आणि खिडकीतले दाणे आणखी आठ दिवस तसेच वाढव. उंची मोज, रंग लिही, पानं कशी आहेत ते बघ. तेव्हा तुला कदाचित समजेल की सरांच्या मनात सूर्यप्रकाश कुठून आला असेल. रुजणं आणि वाढणं ही दोन वेगळी कामं आहेत, असं मी म्हटलं तर तुला पुरे. आणि सगळ्या बिया मटकीसारख्या नसतात. तंबाखूची बी अगदी बारीक असते, तिला उजेड मिळाला तर ती जास्त चांगली रुजते. म्हणजे सरांशी बोलताना ‘मटकीला उजेड लागला नाही’ एवढंच म्हण, ‘कुठल्याच बीला लागत नाही’ असं म्हणू नकोस. मोजलंस तेवढंच बोलायचं.

सरांकडे वही घेऊन जा, मधल्या सुट्टीत, एकटी गेलीस तरी चालेल. अर्ध्या मार्काचं आधी काढू नकोस. “सर, हे बघा काय झालं,” असं म्हण.

आणि तिन्ही वाट्यांचे आकडे मला पाठव, अंदाजांसकट. 90 दाण्यांत गणंग किती निघाले तेही लिही. आमच्याकडच्या मटकीत शंभरात चार-पाच निघायचे, तुमच्याकडे किती निघतात ते मला बघायचं आहे.